दप्तर विद्यापीठाचे, ठेव विद्यार्थ्याची

गुरुकुलातील अध्ययन संपवून संसारात पाऊल टाकणाऱ्या स्नातकाला आचार्यांनी करावयाचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आला आहे. त्या उपदेशात सत्याला पहिले स्थान आहे. आजही देशातील अनेक विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांत हा उपदेश म्हटला जातो आणि त्याच समारंभात स्नातकाच्या हाती पदवीपत्र दिले जाते. हे पदवीपत्र म्हणजे तरी काय? विद्यापीठाने समाजापुढे केलेले ते एक सत्यकथनच होय. अमुक व्यक्तीने अमुक वर्षी अमुक विद्या संपादन केली, असे विद्यापीठ स्वतःच्या मुद्रेनिशी सांगते आणि त्या कथनाच्या पाठीशी दप्तरातील एक नोंद उभी असते. ती नोंद हरवली, चुकली किंवा कोणी फिरवली, तर विद्यापीठाचे वचन खोटे ठरते. शिक्षा मात्र विद्यार्थ्याला भोगावी लागते.

सार्वजनिक विद्यापीठांच्या नोंदी संगणकावर नेण्याच्या प्रश्नाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. दुर्दैवाने त्याची चर्चा बहुधा निविदा, यंत्रसामग्री आणि संगणकप्रणाली एवढ्यावरच थांबते. कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या नोंदीवर एका तरुणाचे अवघे आयुष्य उभे राहणार, तिचा विश्वस्त कोण, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधी निश्चित झाले तर यंत्र उपकारक ठरते. ते झाले नाही, तर तेच यंत्र गोंधळाचा वेग तेवढा वाढवते.

खिडकीबाहेरचा विद्यार्थी

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील विद्यापीठे १८५७ साली, इंग्रजी राजवटीत स्थापन झाली. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्यांचे सुरुवातीचे मुख्य कार्य होते. त्यांच्या कार्यालयांची घडणही त्या काळच्या सरकारी कचेरीसारखीच झाली. नोंद आत, अर्जदार बाहेर आणि दोहोंच्या मध्ये एक खिडकी. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली, विद्यार्थी लाखांच्या घरात गेले, शेतकऱ्यांची, मजुरांची, वनवासी पाड्यांवरील मुले उच्च शिक्षणात आली. ही अभिमानाची गोष्ट आहे. खिडकी मात्र फारशी बदलली नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा भागातील एखाद्या पाड्यावरचा मुलगा पदवीधर होतो, तेव्हा त्या घराण्यातला तो बहुधा पहिलाच पदवीधर असतो. त्याची मूळ नोंद असते जळगावच्या विद्यापीठात. गुणपत्रकात नावाचे एक अक्षर चुकले, तर कागदी व्यवस्थेत त्याला अर्ज, शुल्क, महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि प्रत्यक्ष खेपा या साऱ्यांतून जावे लागते. खेपेगणिक मजुरी बुडते. भरतीची मुदत मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. शहरातील सुस्थित विद्यार्थ्याला जी गैरसोय वाटते, ती या मुलासाठी संधीचा अंत ठरू शकते. म्हणून विद्यापीठाच्या दप्तराची सुधारणा हा सामाजिक न्यायाचाही विषय आहे.

शिवाय कागदाला स्वतःची मर्यादा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबई विद्यापीठाचा कालिना परिसर तेथून जवळच आहे. अशा पावसात तळमजल्यावरच्या गठ्ठ्यांचे काय होते, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कित्येक विभागांच्या धारिका भस्मसात झाल्या. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती, अशा कागदांचे दुःख त्या वेळी शासनाला कळले. ज्या देशाने नालंदेच्या ग्रंथालयाची राख पाहिली आहे, त्या देशाने तरी मोलाचा ठेवा एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवण्याची चूक पुन्हा करू नये.

कायद्याचे म्हणणेही वेगळे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना विधिमान्यता दिली. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेख वर्गवारी करून, सूचीबद्ध ठेवण्याचे आणि जे योग्य असतील ते वाजवी मुदतीत संगणकीकृत करण्याचे बंधन घातले. विद्यापीठे ही सार्वजनिक प्राधिकरणेच आहेत. म्हणजे संगणकीकरण करावे की नाही, हा वाद दोन दशकांपूर्वीच निकाली निघाला आहे. आता वाद आहे तो कसे करावे, याचाच.

राष्ट्रीय पातळीवरील पावले

या दिशेने केंद्र शासनाने टाकलेली पावले स्वागतार्ह आहेत. १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकरचा प्रारंभ झाला. २०१६-१७च्या अर्थसंकल्पात शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रके आणि पदव्या यांसाठी डिजिटल निक्षेपागार उभारण्याची घोषणा झाली. त्यातून राष्ट्रीय शैक्षणिक निक्षेपागार, म्हणजेच ‘नॅड’ साकारले. आज ते डिजिलॉकरच्या आधारे चालते. २०१६च्या नियमांनी आणि त्यांतील पुढच्या दुरुस्तीने डिजिलॉकरमधील प्रमाणित दस्तऐवजाला मूळ दस्तऐवजाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाला वेळोवेळी प्रसिद्ध करावी लागते, अशा देशात या व्यवस्थेचे मोल मोठे आहे. नोकरी देणाऱ्याने पदवी मूळ स्रोतापासून पडताळून पाहिली, तर बनावट पदवीचा बाजार आपोआप मंदावतो आणि प्रामाणिकपणे शिकलेल्याची किंमत वाढते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने तर नोंदींचे महत्त्व कित्येक पटींनी वाढवले आहे. विद्यार्थ्याने एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे, पुढे परत यावे, एका विद्यापीठातील श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात न्यावेत, अशी मुभा या धोरणात आहे. त्यासाठी २०२१ साली श्रेयांकांची बँक, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, सुरू झाली. तेथे श्रेयांक कमाल सात वर्षे टिकतात. त्याला जोड म्हणून ‘अपार’ या बारा अंकी ओळख क्रमांकाची योजना आली. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडलेली एखादी मुलगी पाच वर्षांनी परत आली, तर तिचे श्रेयांक तिची वाट पाहत असले पाहिजेत. जेथे नोंद विश्वसनीय आहे तेथेच धोरणातील हे स्वातंत्र्य खरे आहे. नोंद नसेल तर ते कागदावरचे औदार्य ठरते.

पण येथेच एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. डिजिलॉकर ही तिजोरी आहे. तिजोरीत काय ठेवले जाते, ते ठरते विद्यापीठाच्या दप्तरात. तेथे चुकीची नोंद झाली, तर राष्ट्रीय तिजोरी ती चूकच तत्परतेने देशभर पोहोचवील. उगमाशी पाणी गढूळ असेल, तर कालव्याला संगमरवर लावून काय उपयोग?

२०१७चा धडा

मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेची प्रतिमा तयार करायची, परीक्षकाने ती पडद्यावर तपासायची, गुणांची बेरीज यंत्राने करायची. यात हस्तदोष कमी, वेळ कमी आणि फेरफाराला वाव कमी. परंतु सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांवर हा प्रयोग एकाच हंगामात, पुरेशा पूर्वतयारीविना करण्यात आला. उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा वेळेत तयार झाल्या नाहीत. प्राध्यापकांचे प्रशिक्षण अपुरे राहिले. काही उत्तरपत्रिकांची विद्यार्थ्यांशी गाठच पडेना. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ची अपेक्षा अशी की, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लागावा. कुलपतींनी ३१ जुलैची अंतिम मुदत घालून दिली. तीही उलटली. सारे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १६० वर्षांच्या त्या विद्यापीठाच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

विद्यार्थी परिषदेसह अनेक विद्यार्थी संघटना त्या काळात रस्त्यावर उतरल्या. त्यांचा रोष संगणकावर नव्हता. परदेशी विद्यापीठांतील प्रवेश, पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश, हाती आलेली नोकरी या साऱ्यांना निकालाचा एक कागद लागत होता आणि तो कधी मिळेल, हे सांगणारे कोणी नव्हते. विद्यापीठ पुरवठादाराकडे बोट दाखवीत होते, पुरवठादार प्राध्यापकांच्या उपस्थितीकडे, आणि प्राध्यापक यंत्रणेच्या संथपणाकडे. जबाबदारीचे असे विभाजन झाले की शेवटी ती कोणाचीच उरत नाही.

या प्रकरणातून काही मंडळींनी ‘यंत्रच नको’ असा निष्कर्ष काढला. तो उतावळा होता. यंत्र येण्यापूर्वी दप्तराला शिस्त यावी लागते, हा त्यातला खरा धडा आहे. कोणती उत्तरपत्रिका कोणत्या गठ्ठ्यात, तो गठ्ठा कोणाच्या ताब्यात, तो दुसऱ्याकडे देताना सही कोणाची, ही साधी साखळी कागदावर पक्की नसेल, तर पडद्यावर ती आपोआप पक्की होत नाही.

परिरक्षक कोण?

महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने कुलसचिवाला विद्यापीठाच्या अभिलेखांचा आणि मुद्रेचा परिरक्षक ठरवले आहे. हा शब्द विचारपूर्वक योजलेला आहे. परिरक्षक म्हणजे मालक नव्हे आणि नुसता साठवणूकदारही नव्हे. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा, मागितली की जशीच्या तशी परत देणारा तो परिरक्षक. विद्यापीठ दप्तर ठेवते, पण त्या दप्तरातील नोंद ही विद्यार्थ्याची ठेव आहे.

आता वास्तव काय दिसते? अनेक ठिकाणी प्रवेशाची माहिती एका संस्थेच्या प्रणालीत, परीक्षेचे अर्ज दुसरीच्या, निकालाची प्रक्रिया तिसरीच्या. कंत्राट बदलले की जुना पुरवठादार माहिती कोणत्या स्वरूपात देणार, किती दिवसांत देणार, देणारच का, याविषयी करारात बहुधा एखादे मोघम कलम असते. नव्या पुरवठादाराला जुन्या माहितीची रचना उमगत नाही. मग जुन्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्र मागितले की ‘त्या वर्षाचा डेटा आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळते. येथे ‘आमच्याकडे’ म्हणजे कोणाकडे? पदवी देताना विद्यापीठ एक होते. नोंद मागताना ते तीन कंपन्यांत कसे विभागले जाते?

बाहेरच्या संस्थेचे साहाय्य घेऊच नये, असे कोणी म्हणणार नाही. विद्यापीठांनी आपली शक्ती अध्यापन-संशोधनात लावावी, हे योग्यच. महाराष्ट्रात २००१ साली राज्य शासनाच्या पुढाकाराने आणि विद्यापीठांच्या सहभागाने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. विद्यार्थ्याला नोंदणीपासून पदवीपर्यंत एकच कायम नोंदणी क्रमांक देण्याची पद्धत त्याच्या प्रणालीमुळे राज्यातील विद्यापीठांत रुळली. अलीकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ ही प्रणाली महाराष्ट्रातील विद्यापीठांतही वापरात आली आहे. विद्यापीठांनी विद्यापीठांसाठी घडवलेली अशी साधने अधिक विश्वासाची, यात शंका नाही. परंतु साधन कोणाचेही असो, करारात तीन गोष्टी लखलखीत असल्या पाहिजेत. माहितीचा सर्वाधिकार विद्यापीठाचा, तिची पूर्ण प्रत नियमितपणे विद्यापीठाच्या स्वतःच्या ताब्यात, आणि ती अशा सर्वमान्य, खुल्या स्वरूपात की दुसऱ्या कोणत्याही प्रणालीला वाचता यावी. पुरवठादार येतील आणि जातील, परिरक्षक बदलता कामा नये.

चावडी वाचनाचा आदर्श

नोंदी संगणकावर नेताना चुका होणारच. त्या दुरुस्त कशा कराव्यात, याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ते महाराष्ट्राच्या गावोगावी घडले आहे.

सातबारा उतारा म्हणजे शेतकऱ्याचा प्राण. हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना नावे गळली, क्षेत्रात फरक पडला, फेरफार निसटले. तेव्हा महसूल विभागाने २०१७च्या उन्हाळ्यात ‘चावडी वाचन’ मोहीम राबवली. तलाठ्याने गावाच्या चावडीवर संगणकीकृत सातबारा वाचून दाखवायचा, खातेदारांनी तो ऐकायचा, चूक असेल तर तेथेच सांगायची आणि दुरुस्तीची नोंद व्हायची. अशा शुद्धीकरणाच्या टप्प्यांनंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला. आज शेतकरी तो घरबसल्या काढतो. या कामात त्रुटी राहिल्याच नाहीत, असे नव्हे. पण तत्त्व निर्दोष होते. ज्याची नोंद त्याला दाखवल्याशिवाय तिच्यावर मुद्रा उमटवायची नाही.

विद्यापीठांनी हेच तत्त्व स्वीकारावे. प्रत्येक सत्राअखेर विद्यार्थ्याला त्याची संपूर्ण नोंद, म्हणजे नाव, आईचे नाव, विषय, श्रेयांक आणि गुण, दाखवली जावी. आक्षेपासाठी ठरावीक दिवसांची मुदत असावी. आक्षेपाची पोच मिळावी आणि त्याचा निर्णय कोणी, केव्हा, कोणत्या आधारावर दिला, हे नोंदले जावे. त्यानंतरच ती नोंद बंद करून निक्षेपागारात पाठवावी. ज्याच्याकडे भ्रमणध्वनी नाही किंवा ज्याच्या पाड्यावर जाळे पोहोचत नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाने छापील प्रत लावावी व समक्ष वाचून दाखवावी. पदवी मिळाल्यावर दहा वर्षांनी चूक शोधण्यापेक्षा ती दहा दिवसांत सुधारणे दोघांच्याही हिताचे आहे.

जुन्या कार्यालयांत एक चांगली रीत होती. नोंदवहीतील चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर लाल शाईची एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरी करायची. चूकही दिसावी, दुरुस्तीही दिसावी आणि दुरुस्त करणाराही कळावा. संगणकात आकडा बदलला की जुना आकडा नाहीसा होतो, ही त्याची सोय आहे आणि धोकाही. म्हणून प्रत्येक बदलाचा माग कायम राहील, अशीच प्रणाली विद्यापीठाने घ्यावी. लाल शाईचा तो संस्कार यंत्रातही उतरला पाहिजे.

नाव देवनागरीतच

या विषयाची आणखी एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. ती भाषेची. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र कोणी ते ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कोणी ‘जी-वाय’ने, कोणी ‘जे-एन’ने. शालान्त गुणपत्रकात आडनाव आधी, आधार पत्रात शेवटी. विवाहानंतर मुलींचे नाव बदलते ते वेगळेच. यंत्र अक्षराला अक्षर जुळवून पाहते. एका अक्षराच्या फरकाने तो एकाच ज्ञानेश्वराला दोन माणसे ठरवतो आणि मग नाव एकच असल्याची शपथपत्रे करत तरुणाला फिरावे लागते.

ज्या लिपीत नावाचे एकच शुद्ध रूप आहे, ती लिपी नोंदीचा आधार का असू नये? मूळ नोंद देवनागरीत आणि तिच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतः मान्य केलेले रोमन रूप, अशी रचना सहज शक्य आहे. युनिकोडमुळे तांत्रिक अडचण उरलेली नाही. पूर्वी ती होती. प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक रचना निराळी असे. एका कार्यालयात टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. त्या काळातील कितीतरी मराठी माहिती आज वाचता येत नाही, कारण ती ज्या फाँटमध्ये होती तो फाँट राहिला नाही. त्या फायलींतील माहिती वेळीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, हे प्रत्येक विद्यापीठाचे तातडीचे काम आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील शब्द स्वभाषेत यावेत म्हणून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. त्या महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या दप्तरात विद्यार्थ्याचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत नसावे, हे शोभणारे नाही.

यंत्रे जातात, नोंद राहावी लागते

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली दप्तरे जमवली आणि त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली. ती मोडी पत्रे शे-दोनशे वर्षांनंतरही वाचता आली, कारण ती वाचायला डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरेसे होते. डिजिटल नोंदीचे तसे नाही. तिला मध्यस्थ यंत्र लागते आणि यंत्राचे आयुष्य अल्प असते. इंग्लंडमध्ये १०८६ साली ‘डूम्सडे बुक’ या नावाची जमिनींची मोठी नोंद तयार झाली. तिला ९०० वर्षे झाली, त्या निमित्ताने १९८६ साली त्या देशाच्या जीवनाची नवी नोंद लेझर तबकड्यांवर करण्यात आली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवण्यासाठी विशेष प्रयत्न करावे लागले. मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

भारतात दाने आणि निवाडे ताम्रपटांवर कोरले जात, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावेत अशी इच्छा होती. पदवीची नोंदही किमान एका माणसाच्या आयुष्याएवढी टिकली पाहिजे. म्हणून डिजिटल नोंद एकदा करून विसरण्याची वस्तू नाही. ठरावीक वर्षांनी ती नव्या माध्यमात न्यावी लागते, एकाहून अधिक ठिकाणी प्रती ठेवाव्या लागतात आणि त्या प्रती खरोखर वाचता येतात की नाही, याची परीक्षा घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. विद्यापीठाच्या दप्तरावर असाच घाला पडला तर? त्या दिवशी उपयोगी पडतील ती निकालाची बांधीव छापील पुस्तकेच. ‘कागदमुक्त कार्यालया’च्या उत्साहात ही पुस्तके रद्दीत घालणे, हा अविचार ठरेल. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा अभिलेखांच्या जतनासाठीच केलेला आहे, याचे भान त्या वेळी ठेवावे.

स्वदेशीचा खरा अर्थ

राष्ट्रीय विचाराच्या चळवळीत यंत्राविषयी सावधपणा नेहमीच राहिला आहे. भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. कामगारांच्या हातचे काम जाईल आणि परकीय तंत्राचे परावलंबन येईल, ही त्यामागील चिंता होती. काळाच्या ओघात संगणक आला, रुजला, आणि त्याने लाखो भारतीय तरुणांना कामही दिले. तरीही ती चिंता निरर्थक होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानव दर्शन मांडले. त्या विचारात यंत्र हे माणसासाठी आणि देशाच्या परिस्थितीला अनुरूप असावे, असा आग्रह आहे. तो आजही लागू आहे. फरक इतकाच की, आज परावलंबन यंत्राचे नाही, माहितीच्या ताब्याचे आहे.

२८ डिसेंबर २०२१ रोजी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या दीक्षान्त समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते स्नातकांना ब्लॉकचेनवर आधारित डिजिटल पदव्या देण्यात आल्या. हे तंत्र त्याच संस्थेत विकसित झाले होते. त्यातील पदवी जगात कोठेही पडताळता येते आणि ती बनावट करणे जवळजवळ अशक्य असते. स्वदेशी म्हणजे यंत्राला नकार नव्हे. स्वतःच्या गरजेचे यंत्र स्वतः घडवणे आणि त्याचे लगाम स्वतःच्या हाती ठेवणे, हे स्वदेशी. राज्यातील विद्यापीठांत संगणकशास्त्राचे विभाग आहेत, अभियांत्रिकीचे सहस्रावधी विद्यार्थी आहेत. आपल्याच विद्यापीठाच्या दप्तराची प्रणाली तपासणे, तिच्यातील दोष शोधणे, जुन्या फायली सोडवणे, यापेक्षा चांगला प्रकल्प त्यांना कोणता मिळणार?

कार्यालयीन कर्मचाऱ्यांना विसरूनही चालणार नाही. परीक्षा विभागातील तीस वर्षे काम केलेल्या लिपिकाला कोणत्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, कोणत्या वर्षी गुणांची पद्धत बदलली, हे तोंडपाठ असते. प्रणाली आखताना त्याला बाजूला बसवले, तर त्याचे ज्ञान त्याच्यासोबतच निवृत्त होते. त्याला सोबत घेतले, तर तोच या परिवर्तनाचा आधारस्तंभ ठरतो.

विश्वासाचे दप्तर

विद्यापीठाची कीर्ती तिच्या इमारतींवरून ठरत नाही, तशीच ती संगणकांच्या संख्येवरूनही ठरत नाही. वीस वर्षांनी परत आलेल्या जुन्या विद्यार्थ्याला त्याची नोंद किती लवकर, किती अचूक आणि किती सन्मानाने मिळते, यावरून तिची पारख व्हावी. कुलगुरूंनी, व्यवस्थापन परिषदेने आणि अधिसभेने आपल्या विद्यापीठाला दरवर्षी काही साधे प्रश्न विचारावेत. सर्व वर्षांच्या निकालांची नोंद आज विद्यापीठाच्या स्वतःच्या ताब्यात आहे काय? ती दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित आहे काय? पुरवठादार उद्या निघून गेला, तर परवा गुणपत्रक देता येईल काय? विद्यार्थ्याला त्याची नोंद मुद्रा उमटण्यापूर्वी दाखवली गेली काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर यंत्र कोणतेही असले तरी चिंता नाही.

दीक्षान्त समारंभात सत्याचा उपदेश करणाऱ्या विद्यापीठाने प्रथम स्वतःच्या दप्तरात सत्य जपले पाहिजे. धडगावच्या पाड्यावरील त्या पहिल्या पदवीधराने तिच्यावर विश्वास टाकून तीन-चार वर्षांचे कष्ट तिच्या वहीत लिहायला दिले आहेत. ती वही कागदाची असो की संगणकाची, त्याची ठेव त्याला मागताक्षणी, जशीच्या तशी मिळावी. विश्वस्ताचे कर्तव्य एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.